खोबरेल प्यालेला शॉकअप

मित्रांनो, मी एक जुना शॉकअप आहे. डोंगरी सायकलचे पुढचे चाक ज्या दोन पायांमध्ये फिरते, ते पाय म्हणजे मी. डाव्या पायात स्प्रिंग, उजव्यात तेल. दगड आला की मी दबतो, धक्का गिळतो आणि पुन्हा उठतो. काम एवढेच. पण अकलेचा दुष्काळ असलेल्या माणसाच्या हाती सापडलो, की तेवढेही धड करता येत नाही.

माझा पहिला मालक कामठीच्या छावणीतला फौजी होता. प्रत्येक फेरीनंतर तो जुन्या बनियनने माझे पाय पुसायचा. उन्हाळा सरला की तेल बदलायचा. त्याची बदली झाली आणि मी नागपुरात अश्विनच्या घरी आलो. सायकल घेतली होती त्याच्या धाकट्या बहिणीसाठी, काजलसाठी. पाना मात्र अश्विनच्या हातात. का, तर तो मोबाईलवर दुरुस्तीचे व्हिडिओ पाहायचा. तेही अर्धेच.

डिसेंबरात काजलची जिल्हा संघाची निवड चाचणी होती. वर्षभर ती गोरेवाड्याकडच्या टेकडीवर घाम गाळत होती. चाचणीच्या आदल्या दुपारी अश्विनने मला गच्चीवर नेले. बोल्ट सैल करून खलबत्त्यातल्या बत्त्याने ठोकले. माझे काळे पडलेले तेल ताटलीत सांडले. आणि नवे तेल? आईची खोबरेलाची बाटली!

"काहून रे, माह्यं डोक्याचं तेल काहून नेऊन राहिला?" आईने खालून विचारले.

"शॉकअपची सर्विसिंग करून राहिलो. तेल म्हंजे तेल, आई!"

बाटलीत तेल गोठलेले होते. या शहाण्याने ती तासभर उन्हात ठेवली, तेल पातळ केले, मग माझ्या पायात ओतले. स्वतःच्या हातांनी पातळ केले, मित्रांनो! तरी डोक्यात उजेड पडला नाही.

चाचणीच्या दिवशी सकाळी सातला टेकडीवर कडाक्याची थंडी. काजलने हँडल दाबून पाहिले.

"दादा, हे दबूनच नाही राहिलं गा."

"सर्विसिंग झाली ना, टाईट राहीनच. जाय तू!"

पहिल्याच उतारावर दगड आला. मी पहारीसारखा ताठ. सगळा धक्का तिच्या मनगटात गेला, हात सुटले, ती खडीवर आपटली. कोपर सोलले. निवडीच्या यादीत तिचे नाव आले नाही. माझ्यामुळे? हा आळ मी घेणार नाही.

अकराच्या उन्हात माझ्यातले तेल वितळले. अश्विनने मला दोनदा दाबले आणि म्हणाला, "पाह्य, मस्त चालते! तुलेच चालवता नाही येत." रक्ताळलेल्या बहिणीला हे ऐकवणारा भाऊ! थू!

दुसऱ्या सकाळी काजल वेणी घालायला बसली. बाटली उपडी केली, थेंब पडला नाही; उरलेले खोबरेल थंडीने आत पांढरे गोठले होते. ती बाटलीकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे.

त्याच दुपारी, कोपराला पट्टी बांधलेली असताना, तिने मला स्वतः उघडले. खोबरेल पुसून काढले, दुकानातून आणलेले शॉकअपचे तेल मोजून भरले. "दे, मी करतो," म्हणत अश्विन मोबाईल घेऊन आला. तिने त्याच्या हातात आईची ती खोबरेलाची बाटली ठेवली.

"हे डोक्याले लाव, दादा. तिथंच गोठलं हाय सारं."

मित्रांनो, मला तुमची दया नको. फेरी झाली की माझे पाय पुसा, ज्याचे तेल त्यालाच घाला. आणि आपल्याला कळत नसेल, तर कळणाऱ्याच्या हातात पाना द्या.

आमच्या घरी तो आता काजलकडे असतो.