काकांचा अंगठा

काकांनी तेलाची बाटली दोन तळव्यांत घोळवून कोमट केली आणि टेबलावर आडव्या पडलेल्या तिजोरीच्या उजव्या गुडघ्यावर अंगठा टेकवला.

तिजोरी हे नाव प्रेक्षकांनी ठेवलेलं. या एका गोल करणाऱ्या पायासाठी फुटबॉल क्लबने सरावाचं मागचं मैदान विकलं, जुने जाणते तीन खेळाडू विकले. "पैसा ओता, कप आपल्या पायांनी चालत येईल," असं अध्यक्ष छाती पुढे काढून म्हणाले होते. कप बहुधा वाट चुकला. गेल्या वर्षी पाचवा असलेला संघ आता शेवटून दुसरा होता, आणि आज हरला तर थेट खालच्या लीगमध्ये जाणार होता. बचावाला तर अशी खिंडारं पडली होती की त्यातून ट्रक वळवून नेता आला असता.

काका तीस वर्षं क्लबचे मालीशवाले. त्यांच्या हाताची ख्याती अशी, की एकदा म्हणे त्यांनी कचेरीतल्या लंगड्या खुर्चीचा पाय चोळला, तर दुसऱ्या दिवशी खुर्ची अध्यक्षांच्या आधी कामावर हजर! डॉक्टरांकडे यंत्रं होती, तरी प्रत्येक सामन्याआधी आणि प्रत्येक खरेदीआधी कोच दारात येऊन विचारत, "काका, हात काय म्हणतात?" काका म्हणत, "चालेल," नाहीतर "नाही चालणार." त्यावर ठरलेले सौदे मोडल्याचं सगळ्यांनी पाहिलं होतं.

तिजोरीच्या वेळी डॉक्टरांच्या फोटोत गुडघा स्वच्छ निघाला होता. काकांच्या अंगठ्याला मात्र आत काहीतरी लागलं, बिजागरीत वाळू अडकावी तसं. पण विकायच्या तिघांत त्यांचा जावई होता. ही खरेदी फिसकटली असती, तर ती विक्रीही फिसकटली असती. त्याला मोठ्या क्लबात जायला मिळणार म्हणून लेकीने सामान बांधून ठेवलं होतं.

काका म्हणाले होते, "चालेल."

फळीवरचा फोन उजळला. लेकीचा निरोप होता, 'बाबा, आज जिंका हं. ह्यांनी पण टीव्ही लावलाय.' काकांनी फोन पालथा घातला.

"जरा जोरात दाबा, काका."

"दुखतंय?"

"दुखायचं काय, आता सवयीचं झालंय." तो छताकडे बघत होता. "त्या दिवशी तुमचा अंगठा थांबला होता. इथेच."

काकांचा हात थांबला.

"मला वाटलं, आता बोलाल. डोळे मिटून वाट बघत पडलो होतो."

"मग तू का नाही तोंड उघडलंस?"

"टीव्हीवर माझ्या किमतीचा आकडा आला होता ना. आई गल्लीभर सांगत सुटली होती. एवढ्या मोठ्या आकड्याला मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? म्हटलं, काका म्हणतील."

बाहेर लोक आतापासूनच ओरडत होते, "तिजोरी, आज तरी उघड!" त्यावर मोठा हशा पिकला. काका गुडघ्याभोवती बोट फिरवत राहिले, दाबलं मात्र नाही.

कोच दारात आले. हातातल्या यादीत सगळ्यांत वर तिजोरीचं नाव होतं.

"काका, हात काय म्हणतात?"

तिजोरीने डोळे मिटून घेतले.

काकांनी टॉवेलला हात पुसले. मग पुढे होऊन त्यांनी कोचचं मनगट धरलं. तीस वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. कोचचा अंगठा त्यांनी नेमका त्या जागी नेऊन टेकवला.

"पाय वाकव, बाळा. आता सरळ कर."

कोचचा चेहरा आधी गोंधळला, मग उतरला.

"हे कधीपासून?"

"मी चालेल म्हणालो, त्याच्याही आधीपासून."

"तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं."

कोचनी खिशातून पेन काढून यादीतलं सगळ्यांत वरचं नाव खोडलं आणि मागे न बघता निघून गेले.

काकांनी टॉवेलची नीट चौकोनी घडी घातली, ती टेबलाच्या कडेला ठेवली आणि कमरेला लावलेली मालीशखोलीची किल्ली काढून तिच्यावर ठेवली. चपला पायात सरकवल्या.

"काका," मागून आवाज आला. तिजोरी अजून तसाच पडून होता, डोळे आता उघडे. "डावा पाय राहिला."

काका क्षणभर उंबऱ्याशी उभे राहिले. मग त्यांनी चपला काढल्या आणि बाटली पुन्हा तळव्यांत धरली.