पाणी देणं

खाली रिक्षा थांबली होती, तरी कौशल्याबाई गॅलरीतून हलत नव्हत्या. जाळीत ठेवलेल्या कुंडीतल्या छोट्या निवडुंगावर नवऱ्याची जुनी कानटोपी चढवत त्या हिंदुरावांना तिसऱ्यांदा तेच सांगत होत्या.

"रोज सांजच्याला टोपी घालायची, सकाळी काढायची. लईच गारठा पडला तर आत घ्या. आन पाणी अजिबात देऊ नका. थंडीत त्याला पाणी चालत न्हाई."

हिंदुराव बरं म्हणाले. लेकीला काही निरोप आहे का, हे कौशल्याबाई नुसत्या बघण्यातून विचारत होत्या. हिंदुरावांनी ते बघितलं, बायकोची बॅग उचलली आणि ते जिना उतरायला लागले.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. इथे त्यांची लेक विजयश्री तळेगावला स्वतःच्या घरीच राहणार होती आणि माहेर पिशव्या भरून तिच्याकडे निघालं होतं. तीन वर्षांपूर्वी तिने ज्ञानेशशी लग्न केलं. मुलगा सरळ, नोकरी बरी, पण जात वेगळी. "हा उंबरा वलांडलास तर माघारी येऊ नगंस," असं हिंदुराव रागाच्या भरात बोलून गेले. राग वर्षभरात निवला. शब्द मात्र तसाच राहिला, आणि बोललेला शब्द मागे कसा घ्यायचा हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

तो निवडुंगही तिचाच. कॉलेजात असताना आणलेला, तेव्हा लिंबाएवढा होता. काटेरी झाड घरात असलं की भांडणं लागतात, असं म्हणून हिंदुरावांनी त्याला गॅलरीच्या जाळीत घातलं. पुढे व्हायचं ते भांडण झालंच, आणि ते झालं तेव्हा बिचारा निवडुंग बाहेर होता. आता तो मोसंबीएवढा झाला होता. दर फेब्रुवारीत त्याच्या डोक्यावर गुलाबी फुलांचं कडं उमलायचं आणि कौशल्याबाई फोटो काढून लेकीला पाठवायच्या. हे आपल्या गावीही नाही, असं हिंदुराव दाखवायचे.

चौथ्या दिवशी फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. हिंदुराव "चांगलं झालं" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्या आठवड्यात चिंचवडला पारा आठावर उतरला होता. त्यांनी टोपी काढून पाहिलं. झाड आकसलं होतं, अंगावर सुरकुत्या पडल्या होत्या. इतकी वर्षं आपण याला थंडीत बाहेर ठेवलं, हे त्यांच्या मनाला एकदम लागलं. कुंडी उचलून त्यांनी ती आत आणली आणि टीव्हीशेजारी ठेवली.

हिंदुरावांची सव्वीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत भट्टीवर गेली होती. गिअर लालभडक तापवायचा आणि नेमक्या वेळी बुडवायचा. त्याला पाणी देणं म्हणतात. वेळ साधली की लोखंड कडक होतं, चुकली की तडा जातो. हिंदुरावांनी पाणी दिलेला माल कधी परत येत नाही, असं कंपनीतले लोक म्हणत. रिटायर होऊन वर्ष झालं होतं, पण नुसत्या रंगावरून ताप ओळखणारी नजर अजून शाबूत होती, निदान त्यांना तसं वाटत होतं.

बायकोचं बोलणं ते विसरले नव्हते. पण समोर सुकलेलं दिसत असताना पाणी द्यायचं नाही, हे त्यांना काही पटेना. त्यांनी पाणी कोमट केलं आणि पेलाभर ओतलं. दोन दिवसांत सुरकुत्या गेल्या. झाड टच्च भरलं आणि डोक्यावर टाचणीच्या टोकाएवढे गुलाबी ठिपके दिसायला लागले. हिंदुराव इतके हरखले की शेजारच्या हरिहररावांना घरात बोलावून त्यांनी ते दाखवलं. मग रोज सकाळी आधी झाडाला कोमट पाणी आणि नंतर स्वतःला चहा, हे ठरूनच गेलं.

बारसं रविवारी होतं. येताय का, असं कौशल्याबाईंनी फोनवर विचारलं तेव्हा ते बघू म्हणाले, पण त्यांचं ठरलं होतं. कळ्यांसकट कुंडी लेकीच्या हातात द्यायची. मग काही बोलायची गरजच पडणार नाही. शनिवारी त्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून आणला.

रविवारी सकाळी गाडीत वारा लागू नये म्हणून ते झाडावर टोपी चढवायला गेले आणि झाड कलंडलं. बुडाशी ते तपकिरी, मऊ झालं होतं. सावरायला गेले तर अख्खं हातात आलं, खाली नुसता लगदा. वरच्या कळ्या अजून गुलाबीच होत्या. वरचा रंग बघत राहिलो आणि बुडाकडे बघितलंच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते खुर्चीत बसून राहिले.

गुडघा दुखतोय म्हणून कळवावं, असं मनात आलं. त्यांनी फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. अखेर हात धुतले आणि नुसती माती उरलेली कुंडी पिशवीत घालून ते स्टेशनवर गेले.

तळेगावला दार विजयश्रीनेच उघडलं. गळ्याखालची हाडं दिसत होती, डोळे जागरणाने ओढले होते. हिंदुरावांनी पिशवीतून कुंडी काढून पुढे केली.

"मेलं," ते म्हणाले. तीन वर्षांनी लेकीशी बोललेला हा पहिला शब्द.

तिने मातीत बोट घालून पाहिलं. "पाणी दिलंत, पप्पा?"

"रोज. तुझी आई नगं म्हनली व्हती. पन सुकल्यालं बघवंना."

"गॅलरीतच होतं ना?"

"न्हाई. आत घेतलं व्हतं. टीव्हीपाशी." त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. "लवकर घ्याया पायजे व्हतं."

विजयश्रीने तोंड फिरवलं. कुंडी घेऊन ती आत गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं. तिने ते वडिलांपुढे धरलं. हिंदुरावांनी हात पुढे केले आणि लगेच मागे घेतले.

"थांब जरा. हात गार हायती."

आणि दारातच उभे राहून ते तळहात एकमेकांवर घासत राहिले. बाळाला घेऊन विजयश्री समोर थांबून होती.