वर्दळ नगण्य

सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी जुन्या बाजारातल्या बसथांब्याचा दुसरा खांब कापला गेला. पहिला आधीच फुटपाथवर आडवा पडला होता. कापणारे तिघे होते. त्यांच्याबरोबर एक मुकादम, आणि मुकादमाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद.

थांब्याच्या बरोबर समोर चष्म्याचं दुकान. दुकानाच्या बाई पायऱ्या उतरून आल्या तेव्हा त्यांच्या हातात गिऱ्हाइकाची फ्रेम तशीच होती, एक काडी लावलेली, एक लावायची.

"कोणाला विचारून कापताय?"

"बाई, आम्हाला काय विचारता? कागदाला विचारा."

"आणा इकडे कागद."

कागद नगरपालिकेचा होता. बसमार्ग बदलल्यामुळे हा थांबा रद्द. नवा थांबा रिंगरोडवरच्या खरेदी संकुलाच्या दारात. कारण एका ओळीत दिलं होतं : सर्वेक्षणानुसार सदर ठिकाणी प्रवाशांची वर्दळ नगण्य.

बाईंनी मागे वळून पाहिलं. दुकानात बाकावर सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या, चष्म्याची वाट पाहत.

"मग त्या आजी कशाने आल्या? विमानाने?"

मुकादम हसला आणि कापणाऱ्याला म्हणाला, "तिसरा घे."

दोन वर्षांपूर्वी रिंगरोडपलीकडे नुसतं माळरान होतं. संकुल बांधणाऱ्यांनी भिंती आणि पाट्या उभ्या केल्या. बाकी सगळं नगरपालिकेने. चौपदरी रस्ता, त्यावर पूल, गटार, पाण्याची लाइन, दर वीस पावलांवर दिवा. वर पंधरा वर्षं घरपट्टी माफ, रोजगार येणार म्हणून. इकडे जुन्या बाजारात गटाराचं फुटलेलं झाकण तीन वर्षं बदललेलं नव्हतं. शेजारच्या कापडवाल्याने त्यावर फळी टाकली होती आणि फळीवर स्वतःच्या दुकानाची जाहिरात रंगवली होती. बाईंची घरपट्टी एका दिवसाने उशिरा गेली की दंडाची नोटीस मात्र वेळेवर यायची. संकुलात चष्म्याचं तीनमजली दुकान होतं. नंबर काढणं फुकट. तेही बाईंनी सोसलं होतं, कारण त्यांची म्हातारी गिऱ्हाइकं थांब्यावर उतरून दहा पावलांत दुकानात येत. आता बसही तिकडेच.

त्या तरातरा आत गेल्या. मागच्या खोलीत नवरा चाकावर काच घासत होता.

"तुमच्या धाकट्या भावाच्या खात्याचं काम आहे हे."

"त्याच्या हातात काय आहे? वरून येतं सगळं."

"वरून पाऊस येतो. हे कोणाच्या तरी टेबलावरून आलंय."

नवऱ्याने काच पुन्हा चाकाला लावली. बाईंनी आजींच्या चष्म्याची दुसरी काडी बसवली, त्यांना हात धरून पायरी उतरवली, पुढचा थांबा कुठे ते दोनदा सांगितलं आणि नगरपालिकेची वाट धरली.

दीर रस्ते विभागात कनिष्ठ अभियंता होता. वहिनींना दारात पाहून तो उठून उभा राहिला.

"वहिनी, तुम्ही? चहा सांगू?"

"चहा नको. वर्दळ कोणी मोजली तो कागद दाखवा."

त्याने आढेवेढे घेतले. फाइल साहेबांकडे आहे म्हणाला, मग कपाटात आहे म्हणाला, मग ती त्याच्याच खणातून निघाली. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, एकूण प्रवासी एकतीस. खाली त्याची सही. रोज लोकांना तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचायला लावणाऱ्या बाईंनी खालची ओळ वाचली. तिथे तारीख होती.

"अकरा तारखेला वार कोणता होता, भावोजी?"

दिराने कॅलेंडरकडे पाहिलं. पाहायची गरज नव्हती.

"मंगळवार."

"आणि मंगळवारी आपल्या बाजारात काय असतं?"

तो फाइलची दोरी बांधू लागला.

"अहो, तुम्ही मंगळवारी भर रस्त्यात चेंडू खेळायचात ना? का? कारण दुकानं बंद आणि रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. उभा जन्म त्या बाजारात गेला तुमचा!"

"मोजणारी माणसं मला त्याच दिवशी मिळाली, वहिनी. बाकी सगळे दिवस ती पुलाच्या कामावर होती. आणि वार कोणी बघत नाही. छापील नमुन्यात वाराचा रकानाच नाही. मुद्दाम नाही केलं मी."

"मुद्दाम केलं असतं तर निदान आमची आठवण तरी ठेवलीत म्हटलं असतं! नगण्य म्हणजे काय हो?"

"म्हणजे... फारशी नाही, असं."

"ज्याची मोजदाद करायची नाही ते नगण्य. शब्द अगदी शोधून घातलात."

शेजारच्या टेबलांवरचे दोघे कागदात डोकं घालून ऐकत होते. दिराने आवाज खाली आणला. मार्गबदलाला अजून मंजुरी मिळालेली नाही, ती शुक्रवारच्या सभेत मिळायची आहे, तोवर हरकत घेता येते, असं त्याने सांगितलं.

"मंजुरी नाही? मग खांब आज कसे कापले?"

"ठेकेदाराचं बिल या महिन्यात निघायला हवं होतं."

बाई तशाच खाली आल्या, आवक खिडकीपाशी उभ्या राहून हरकतीचा अर्ज लिहिला. कारकुनाने तो वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला, "बाई, वार चुकला हे तुम्ही सांगून उपयोग नाही. मोजणाऱ्या अधिकाऱ्याचं पत्र जोडा. नाहीतर हे नुसतं फाइलला लागेल."

बाईंनी अर्ज देऊन प्रतीवर शिक्का घेतला आणि त्याच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला. त्यावर एकच वाक्य लिहिलं : सदर सर्वेक्षण बाजाराच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी झाले आहे. खाली सहीसाठी जागा सोडली. पुन्हा जिना चढून तो कागद त्यांनी दिराच्या समोर ठेवला.

"यात खोटं काही असेल तर आत्ता खोडा."

"खोटं नाही. पण वहिनी, पुढच्या महिन्यात माझी बढती आहे. हे लेखी दिलं तर साहेब विचारतील, तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"विचारू देत. मीही तेच विचारतेय."

संध्याकाळी दुकानात नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "धाकट्याच्या पोटावर पाय येईल," एवढंच म्हणाला.

"आणि आपल्या पोटावर काय आलंय? फूल?"

मग बऱ्याच वेळाने त्याने चाक बंद केलं, हात पुसले आणि भावाला फोन लावला.

"मी बोलतोय. नाही रे, रागावलेलो नाही... वहिनीचा कागद वाचलास?... ते कळलं. मी काय विचारतोय, खरं आहे ना त्यातलं?... हं... हं... बरं."

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाला."

बुधवारी बस जुन्याच मार्गाने आल्या. खांब नाहीत म्हणून बहुतेक न थांबता गेल्या. एका ड्रायव्हरने वेग कमी केला आणि काठी टेकणारे एक गृहस्थ उतरता उतरता पडले. त्यांच्या चष्म्याची काच फुटली. बाईंनी ती बदलून दिली आणि पडल्याची वेळ अर्जाच्या प्रतीवर लिहून ठेवली.

सभा शुक्रवारी अकराला आहे. हा विषय चौदावा. गुरुवारी दुपारी चार वाजता बाई पुन्हा रस्ते विभागात गेल्या तेव्हा दिराची खुर्ची रिकामी होती. दोन दिवसांची रजा, शिपाई म्हणाला. फोन बंद होता. टेबलावर बाईंनी ठेवलेला कागद नव्हता, खणातही नव्हता. दिराने तो बरोबर नेला, की कोणाला दिला, की फाडून टाकला, ते शिपायाला सांगता आलं नाही.