डाव्या कडेचं कुंकू

मित्रांनो, शाळेच्या वहीएवढा एक जुना संगणक आज तुमच्याशी बोलतो आहे. माझ्यासारख्यांना पूर्वी नेटबुक म्हणत. आता ते नावही फारसं कुणी काढत नाही.

कोल्हापुरातल्या कसबा बावड्यात, थोडा ऊस आणि दोन म्हशी असलेल्या घरात मी आलो, तेव्हा संयोगिता बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. माझ्या पडद्यावरचा प्लास्टिकचा पापुद्रा तिनं महिनाभर काढला नव्हता. शेजारणी येत, मला हातावर तोलून बघत आणि म्हणत, "एवढ्याशात समदं मावतंय व्हय?" मी मनातून सुखावत असे.

तिसऱ्या वर्षी तिनं ध्वनीवर प्रकल्प घेतला. हाक जितक्या लांब पोचवायची, तितका माणसाचा स्वर किती चढतो, हे तिला मोजायचं होतं. तिची आई बनाबाई रोज संध्याकाळी रानात चरणाऱ्या चंद्री म्हशीला हाक मारी. ती हाक मी टिपून घेई. चौदा संध्याकाळी चौदा हाका टिपल्या. संयोगितानं प्रत्येकीला तारीख आणि म्हशीचं अंतर असं नाव दिलं. प्रकल्पाचं कौतुक झालं. मग तिला नोकरी लागली, मोठा लॅपटॉप आला आणि मी कपाटात गेलो.

तिथे माझी आठवण फक्त बनाबाईनं ठेवली. दर खंडेनवमीला ती मला बाहेर काढी आणि विळा, कोयता, शिलाई मशीन यांच्या ओळीत पाटावर मांडी. "पोरीला शिकिवलंया ह्येनं," असं म्हणत ती फुलानं पाणी शिंपडी आणि बोटभर हळदकुंकू लावी. ओलं कुंकू ओघळून माझ्या डाव्या कडेला, पेनड्राइव्ह जोडायच्या भोकात उतरे आणि तिथेच वाळे. दरवर्षी एक थर चढत गेला. ते मला कळत होतं, पण सांगणार कसं?

गेल्या वर्षी बनाबाईच्या घशाला गाठ आली. जीव वाचवायला डॉक्टरांनी तिचं स्वरयंत्र काढलं. ती बरी होऊन घरी आली, पण आवाज कायमचा गेला. कुणी फोन समोर धरला की ती पदर तोंडाला लावत असे, त्यामुळे तिचं बोलणं कुणाच्याच फोनमध्ये नव्हतं. मग संयोगिताला माझ्यातल्या चौदा हाका आठवल्या.

एका रविवारी दुपारी तिनं मला टेबलावर ठेवून बटण दाबलं. मित्रांनो, मी उठूच शकलो नाही. माझी साठवण म्हणजे मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य पाटीवरच डाख देऊन पक्की केलेली एक चिप आहे. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येत नाही. वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यानं तिच्यातली अक्षरं पुसट होत चालली होती. प्रत्येक वेळी चालू करताना आणखी काही निसटत होतं.

शहरात संगणकदुरुस्ती करणारा तिचा मामेभाऊ विजयसिंह मदतीला आला. पेनड्राइव्हवरूनच लिनक्स ही दुसरी संगणकप्रणाली चालवायची, माझ्या चिपवर काहीही न लिहिता हाका उचलायच्या, असा संयोगिताचा बेत होता. पण पेनड्राइव्हवरचं लिनक्स चौसष्ट बिटांचं आणि माझा प्रोसेसर बत्तीस बिटांचा. नकाराची एक ओळ दाखवून मी थांबलो. तिनं बत्तीस बिटांचं शोधून भरलं. या वेळी चित्र उमटलं, बाण हलला आणि अर्ध्यात सगळं गोठलं. पुन्हा केलं, पुन्हा गोठलं. उजवीकडची दोन्ही भोकं आधीच बाद झालेली. उरलं होतं एक डावं.

"ताई, ह्या डबड्याचं काय खरं न्हाई," विजयसिंह म्हणाला. "पेनड्राइव्हवरनं अडकतंय. चिपवर टाकलं की पळंल बघ."

"चिपवर काहीही लिहायचं नाही, विजू. आईचा आवाज आहे तिथं."

"माझ्याकडं गेलेलं परत काढायचं सॉफ्टवेअर हाय की!"

"नको. उतरवलेली फाईलच अर्धवट असेल. मी लॅपटॉपवर तपासून येते." ती आत गेली.

विजयसिंह थोडा वेळ बसला. मग त्यानं मला पुन्हा चालू केलं आणि पडद्यावर प्रश्न आणला : सगळी डिस्क पुसून लिनक्स बसवायचं का? बनाबाई दारात उभी होती. तिला ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण भाच्याची घाई तिला लहानपणापासून ठाऊक होती. तिनं टाळी वाजवली.

"आत्ती, च्या नगं आत्ता. पाच मिनिटं."

बाण 'होय'कडे सरकू लागला. मी ओरडू शकत नव्हतो. बनाबाईही ओरडू शकत नव्हती. तिनं पुढे येऊन त्याचं मनगट धरलं. त्यानं ते सोडवून घेतलं, बोट दाबलं, आणि काहीच झालं नाही. बाण 'होय'च्या अलीकडे गोठला होता. मित्रांनो, त्या क्षणी मी त्या कुंकवाचे आभार मानले.

वैतागून त्यानं पेनड्राइव्ह उपसला. त्याच्या पत्र्याच्या तोंडाला तांबूस भुकटी लागली होती.

"गंज चढलाय," तो म्हणाला.

बनाबाईनं पेनड्राइव्ह हातातून ओढून घेतला, भुकटी बोटावर घेतली आणि ताटावर पळी आपटून लेकीला बोलावलं. संयोगिता धावत आली. आईनं ते बोट आपल्या कपाळावर टेकवलं. तिथे लाल टिपका उमटला. मग तेच बोट तिनं माझ्या डाव्या कडेवर ठेवलं.

संयोगितानं बॅटरी मारून आत पाहिलं. "कुंकू आहे, विजू. किती वर्षांचं!" मग तिची नजर पडद्यावरच्या गोठलेल्या प्रश्नावर गेली. "हे काय करत होतास?"

विजयसिंहानं मान खाली घातली. "चुकलं, ताई."

तिनं माझी वीज तोडली. कोरड्या ब्रशनं आणि थोड्या स्पिरिटनं ती अर्धा तास ते भोक साफ करत होती. मग लिनक्स पुन्हा चालू झालं आणि गोठलं नाही. एक एक हाक वायफायवरून लॅपटॉपकडे जाऊ लागली. नववी अडखळली, पण गेली. बारावीला मी सगळं बळ एकवटलं, तरी ती वाचता येईना. पुढच्या दोन्हीही नाहीत. अकरा हाका वाचल्या.

संयोगितानं पहिली हाक लावली.

"चंद्रेऽऽ! ये गं बये, किती ताटकळत ठेवतीस!"

खोली दणाणली. बनाबाईचा हात गळ्याकडे गेला.

"आत्ती, काय आवाज हुता वो! म्हस काय, पंचगंगेपल्याडचं पावणं बी उठून आलं असतील."

तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. तिचे खांदे हसण्यानं हलत होते. मग तिनं बोटानं खुणावलं : पुन्हा लाव.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया करा आणि तिला कोरड्या फडक्यानं पुसतही जा. तुमच्या माणसांचं जे काही एकाच ठिकाणी ठेवलं असेल, त्याची आजच दुसरी प्रत करा. बारावी, तेरावी आणि चौदावी हाक मी सांभाळू शकलो नाही. त्यांची नावं माझ्या यादीत अजून दिसतात. शेवटच्या नावापुढे दोनशे मीटर असं लिहिलेलं आहे. ती बनाबाईची सगळ्यात लांबची हाक होती.