न उघडलेलं खोकं

ताईने कपाटाचं काचेचं दार असं सरकवलं की वरच्या फळीवरचे दोन फोन आडवे झाले.

"हळू गं," धाकटा म्हणाला. "आणि हात लावणार असशील तर आधी हातमोजे घाल. तिथेच आहेत, खालच्या खणात."

ताईने वळून भावाकडे पाहिलं. कपडे शिवायच्या कारखान्यात तिच्या हाताखालच्या बायका तिच्या माघारी तिला 'बॉयलर' म्हणत. हे नाव तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडायचंही. माणसं घाबरली की कामं वेळेवर होतात, असा तिचा अनुभव होता.

"हातमोजे!" ती म्हणाली. "बाप तिकडे हात मोडून पडलाय आणि हा मला हातमोजे घालायला सांगतोय."

धाकटा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. लोकांच्या नाकावर चष्मा अलगद बसवून दोन पावलं मागं सरायची त्याला सवय होती. आताही तो दोन पावलं मागं सरला. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि रागरंग बघून पाण्याचा पेला घेऊन तशीच परत आत गेली.

कपाट अख्ख्या भिंतीएवढं होतं. आत फळ्यांवर ओळीने फोन मांडलेले, सगळे टचस्क्रीन यायच्या आधीचे. विटेएवढे, अँटेनावाले, झाकण उघडून बोलायचे, सरकवून उघडायचे. प्रत्येकाखाली मॉडेल आणि साल लिहिलेली चिठ्ठी होती. दमट हवेने खराब होऊ नयेत म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवलेल्या. एवढे फोन आणि एकाचाही आवाज नाही. ताईला या कपाटाचा पहिल्यापासून राग होता. आज तर तळपायाची आग मस्तकात गेली होती.

परवा बाबा स्वयंपाकघरात पाय घसरून पडले आणि त्यांचं डावं मनगट मोडलं. ताईला हे कळलं संध्याकाळी, तेही सगळं उरकल्यावर. धाकटा सकाळी सहज तिकडे गेला होता म्हणे, त्याने दार उघडून पाहिलं, बाबांना उचललं, दवाखान्यात नेलं आणि प्लास्टर घालून घरी आणलं. मग ताईला फोन केला. 'तू कामावर होतीस, म्हटलं उगाच कशाला,' असं वर तोंड करून सांगितलं.

आणि बाबा? फोन त्यांच्या खिशात होता. तरी ते फरशीवर पडून राहिले. ताईने विचारलं तेव्हा त्यांनी उजव्या हाताची बोटं तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, "ती काच माझ्या बोटांना दाद देत नाही गं." बाबांचं आयुष्य लेथ मशीनवर गेलं होतं. लोखंडाचा तापलेला कीस झेलून झेलून त्यांच्या बोटांची टोकं खुरासारखी टणक झालेली. त्या बोटांपुढे ती नाजूक काच काय करणार, हे ताईला तेव्हा पटलं, आणि रात्रभर तिच्या डोळ्यांपुढून फरशीवर पडलेले बाबा हलले नाहीत.

तिने पर्समधून बाबांचा टचस्क्रीन फोन काढून टेबलावर आदळला.

"यातलं सिम काढ आणि मला बटणांचा एक फोन दे. आत्ता. घरात शंभर फोन आहेत आणि बापाला एक मिळत नाही. लाज कशी वाटत नाही तुला?"

"देतो ना," धाकटा म्हणाला. "मी नाही कुठे म्हटलं?"

टेबलावरचा फोन गेल्या वर्षी ताईनेच घेऊन दिला होता. बाबांचा जुना बटणांचा फोन बंद पडला तेव्हा धाकटा म्हणाला होता, 'त्यांना बटणांचाच राहू दे.' आणि ताई म्हणाली होती, 'तुझी डबडी तुझ्यापाशी ठेव. निदान बोलताना त्यांचं तोंड तरी दिसेल मला.' हे दोघांनाही आठवत होतं. धाकट्याने ते बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. तो गप्प राहिला, म्हणून ताई आणखी पेटली.

त्याने हातमोजे चढवले, मधल्या फळीवरचा एक छोटा निळा फोन काढला आणि रुमालावर ठेवला. "हा ने. चालू आहे. बॅटरी लावून देतो."

"बॅटरी लावून? म्हणजे यात बॅटरीच नाही?"

"कशातच ठेवत नाही. आत राहिली की फुगते आणि फोनची वाट लावते. सगळ्या वेगळ्या डब्यात ठेवतो."

ताई हसली. ते हसू कारखान्यातल्या बायकांनी पाहिलं असतं तर त्यांनी निमूट माना खाली घालून मशीन चालवली असती.

"म्हणजे या सगळ्या कपाटातला एकही फोन वाजू शकत नाही."

"वाजवायला नसतातच ते, ताई."

"मग कशाला असतात? आरती ओवाळायला?"

तिने निळा फोन उचलला, त्याची बटणं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि परत ठेवला. मसुरीच्या दाण्याएवढी बटणं. बाबांचं एक बोट ठेवलं तर तीन आकडे दाबले जातील. "हा नको. दुसरा."

धाकट्याने दुसरा काढला. त्याचा स्क्रीन अंधूक होता. तिसऱ्याचा आवाज फुटका होता. ताईने एकेक नापास केला. तिला स्वतःलाही कळत होतं की आता ती फोन शोधत नाहीये. तिला या माणसाचं काहीतरी मोडायचं होतं. बाप फरशीवर पडलेला असताना ज्याचं काहीच मोडलं नव्हतं, त्याचं काहीतरी.

आणि मग तिची नजर सगळ्यात वरच्या फळीकडे गेली. तिथे एकच खोकं होतं.

"तो दे."

"तो नाही," धाकट्याची बायको दारातून म्हणाली. तिच्या तोंडून ते आपसूक निघालं होतं.

ते खोकं घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. बाबा वापरायचे तेच मॉडेल, जाडजूड, ठसठशीत बटणांचं. पण कारखान्यातून निघाल्यापासून कधीही न उघडलेलं. झाकणावरची कागदी पट्टी जशीच्या तशी होती. धाकटा त्याच्यामागे कित्येक वर्षं होता. शेवटी कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर ते मिळालं, आणि त्या दिवशी त्याने आपल्या चष्म्याच्या दुकानात सगळ्यांना चहा पाजला होता. त्याच्यासारखे नादिष्ट लोक लांबलांबून ते बघायला यायचे. बघायचे म्हणजे नुसतं खोकं बघायचे.

"ताई, ते राहू दे. मी उद्या बाजारातून नवा बटणांचा आणून देतो. अगदी साधा. मिळतात अजून."

"उद्या! उद्या परत पडले तर? बाबांचा हात त्या फोनवर बसलेला आहे. डोळे मिटून नंबर लावायचे ते. मला तोच पाहिजे."

"उघडला की तो नुसता फोन होतो गं."

"नुसता फोनच पाहिजे मला!" ताईचा आवाज इतका चढला की शेजारच्या घरातला रेडिओ कुणीतरी बारीक केला. "आत फोन आहे हे तरी तुला कुठे माहितीये? वीट असेल. इतकी वर्षं विटेची पूजा करत असशील."

तिने खुर्ची ओढली, चढली आणि खोकं खाली घेतलं. हातमोजे न घालता. धाकटा पुढे झाला. त्याचा हात खोक्यापर्यंत आला, आणि ताईला वाटलं, आता हा हिसकावणार, आता याच्या तोंडून शब्द फुटणार. तिला ते हवं होतं. सकाळपासून ती कुणीतरी समोरून भांडावं म्हणून तडफडत होती.

"बोल ना," ती म्हणाली. "बाप पडला तेव्हा तू सहज गेला नसतास तर काय झालं असतं, हे बोल. तो तिथेच पडून राहिला असता संध्याकाळपर्यंत. आणि मला कळलंही नसतं."

धाकट्याने तोंड उघडलं. मग बायकोकडे पाहिलं आणि मिटलं. त्याचा हात खाली आला.

"फाड," तो म्हणाला.

ताईने झाकणाखाली नख घातलं. जुना कागद फाटायला वेळही लागला नाही. आत प्लास्टिकच्या पिशवीत फोन होता, वीट नव्हती. नव्या वस्तूचा वास इतक्या वर्षांनंतरही बाहेर आला.

धाकटा क्षणभर त्या फाटक्या पट्टीकडे बघत उभा राहिला. मग त्याने हातमोजे काढून टेबलावर टाकले आणि खाली बसला. खोक्यातली बॅटरी त्याने हातात घेऊन पाहिली, बाजूला ठेवली आणि आपल्या डब्यातून चांगली शोधली. बाबांचं सिम बारीक कापलेलं होतं. ते प्लास्टिकच्या चौकटीत बसवून त्याने आत सरकवलं. मागचं झाकण लावलं. बटण दाबून धरलं. हिरवट उजेड पडला आणि एक साधीशी धून वाजली. त्याच्या बायकोने पदराने डोळे पुसले. ताईने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"रात्रीतून एकदा चार्ज करायला सांग त्यांना," धाकटा म्हणाला. चार्जर त्याने नीट गुंडाळून दिला.

ताई फोन पर्समध्ये टाकून जिना उतरली. जिंकल्यावर बरं वाटतं, तसं काही वाटेना. चांगलं फैलावर घेतलं, असं ती रस्ताभर मनाशी म्हणत राहिली. पण समोरचा एक शब्द उलट बोलला नव्हता, आणि त्यामुळे सगळा राग तसाच्या तसा पोटात शिल्लक होता.

बाबा कॉटवर उशीला टेकून बसले होते. प्लास्टरचा हात छातीशी धरलेला. ताईने फोन त्यांच्या उजव्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, अंगठा बटणांवरून फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला. मग एकदम विझला.

"हा नवा कोरा आहे," ते म्हणाले. "त्याच्या खोक्यातला नाही ना?"

"त्यातलाच."

"आणि त्याने दिला?"

"देईल नाही तर काय करेल? मी गेले होते."

बाबांनी फोन मांडीवर ठेवला. "नको घ्यायला होतास गं," ते हळूच म्हणाले. "फार जीव होता त्याचा."

"तुमच्यापेक्षा जास्त?" ताई कडाडली. बाबांनी मान खाली घातली आणि प्लास्टरच्या कडेचा सुटलेला धागा ओढत बसले.

ताई खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. धाकट्याची उघडी बोटं, ते सिम चौकटीत बसवतानाची, तिच्या डोळ्यांपुढून जाईनात. माफी मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण 'लागला बरं का फोन, छान ऐकू येतंय,' एवढं सांगायला काय जातंय? भाऊ आहे. त्याला कळेल.

तिने बाबांच्या मांडीवरचा फोन उचलला. "लागतो का बघते. त्यालाच लावते."

"त्याला कशाला?" बाबा घाईने म्हणाले. "तुझ्याच फोनवर लावून बघ की."

"त्याला सांगते, चालतोय म्हणून."

"अगं पण तो दुकानात असेल…"

भावाचा नंबर तिला पाठ होता. ठसठशीत बटणं दाबायला मजा वाटत होती. पहिली घंटा पुरती वाजायच्या आत फोन उचलला गेला.

"बाबा, गेली का ती?" धाकट्याचा आवाज दबका होता. "ऐका, तिला बोलला नाहीत ना काही? पडल्यावर तुम्ही मला फोन केलात ते? मी अवाक्षर काढलेलं नाही. तिला वाटतंय, तुमची बोटं त्या काचेवर चालत नाहीत. वाटू दे. खोक्याचं मनाला लावून घेऊ नका, खोकं काय, मिळेल दुसरं. आणि परत काही झालं तर मलाच लावा. तिला आपण नंतर सांगत जाऊ, जरा सावकाश. तुम्ही घाबरू नका तिला." तो थांबला. "बाबा? ऐकू येतंय का?"

छान ऐकू येत होतं. इतकं स्पष्ट की कॉटवर बसलेल्या बाबांनाही ऐकू गेलं असावं, कारण धागा ओढणारी त्यांची बोटं थांबली होती. ते तिच्याकडे बघत होते. परवा फरशीवर पडल्या पडल्या, खिशातून फोन काढून, कुणाला लावायचा ते ठरवताना ते असेच दिसत असतील.

ताईच्या छातीतून नेहमीसारखा लोट वर आला. दोघांनाही धुऊन काढायला पुरेल एवढा. मला फसवता? मी काय खाते तुम्हाला? शब्द अगदी ओठांशी येऊन उभे राहिले. तिने दात आवळले. मग फोन कानापासून काढला आणि बाबांच्या उजव्या हातात ठेवला.

"तुमच्याशी बोलतोय तो," ती म्हणाली, आणि कॉटच्या पायथ्याशी बसली.

बाबांनी फोन कानाला लावला. पलीकडून धाकट्याने काहीतरी विचारलं.

"आहे," ते म्हणाले. "इथेच बसलीये." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली. "नाही रे. काही बोलली नाही. अजून तरी नाही."