भासऱ्यासमोरची खुर्ची

मथुराबाईंच्या पायांचं कुणाला काही पडलं नव्हतं. बासष्ट सालची लोकसभेची निवडणूक, उमेदवार त्या, फलकावर नाव त्यांचं, अन् सकाळपासून उभ्याही त्याच! गावोगाव त्यांच्यासाठी खुर्ची मांडलेली असायची. पण सोबत भासरे होते ना, नवऱ्याचे थोरले भाऊ मारोतराव. भासऱ्यासमोर भावजय खुर्चीवर बसत नाही, हे काय कुणी शिकवावं लागतं? मग खुर्चीत मारोतराव बसत. लोक म्हणत, बाई किती विनयी, जनतेपुढे बसत नाही. डोंबलाचा विनय! घोटे सुजून चप्पल पायात जाईना.

नवरा वारल्यावर पक्षानं तिकीट मथुराबाईंना दिलं. मारोतरावांनी मागितलं होतं, मिळालं नाही. "सही तुही, कारभार माहा," असं त्यांनी घरी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. जीप त्यांची, पेट्रोल त्यांचं, माणसंही त्यांचीच. मथुराबाईंनी अर्जावर सही केली.

फुलसावंगीजवळच्या तांड्यावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मारोतराव खुर्चीत टेकले. तांड्याचे प्रमुख, नायक भीमसिंग, समोर बाजेवर बसले होते. त्यांच्या शब्दावर अख्खा तांडा मत टाकायचा.

"बाई," नायक म्हणाले, "आमच्या बाया नाल्याचं पानी भरतेत. तुमी दिल्लीत काय बोलान?"

मथुराबाईंनी तोंड उघडलं, तोच मारोतराव म्हणाले, "इहीर मंजूर करून घेऊ आमी."

"मी बाईले इचारलं."

"एकच आहे ना, नायक."

नायकाची म्हातारी आई हंसाबाई मागं दुसऱ्या बाजेवर बसून सगळं पाहत होती. ती उठून पुढं आली.

"का वं, दिल्लीत खुर्च्या किती भेटतीन? एकच ना? तिच्यावर हे बसतीन अन् तू अशीच उभी राहशीन. मंग तुले कायले धाडाव वं माय?"

सगळे खो खो हसले. मथुराबाईंना मात्र रडू फुटायचंच बाकी होतं. म्हातारीनं आपली बाज पुढं ओढली.

"बस."

बसलं की भासरे तिथं थांबणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भासरे गेले की जीप गेली, जीप गेली की निवडणूक गेली. कळत होतं हो सगळं! पण घोटे ठणकत होते. कसलं शौर्य नि कसलं काय, बाई दमली होती. ती बसली.

मारोतराव ताडकन उठले. "लाज इकून खाल्ली!" एवढंच बोलले. जीप सुरू झाली, धुरळा उडाला, गेली.

"आता बोल," हंसाबाई म्हणाली.

मथुराबाई बोलल्या. नाल्याचं बोलल्या, भरल्या घागरीनं मोडणाऱ्या कमरेचं बोलल्या, तशी कंबर त्यांचीही मोडलेली होती. डोक्यावरचा पदर घसरला, तो त्यांनी सावरला नाही. नायक ऐकत ऐकत बाजेच्या कडेला सरकले.

"मत देऊ," शेवटी ते म्हणाले. "पन बाई, पुढच्या गावाले कशी जाशीन?"

मथुराबाईंनी आपल्या सुजलेल्या पायांकडं पाहिलं.

"पायीच," त्या म्हणाल्या. "पन अजून जराशी बसू द्या मले."