जबानीत न आलेलं हसू

“पुढे लिहा,” न्यायाधीश म्हणाले, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच टायपिस्ट बाईंची बोटं अडली.

साक्षीला मंत्र्यांचा ड्रायव्हर उभा होता. आरोपी होता पंप दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री. भर सभेत उठून तो मंत्र्यांना म्हणाला होता, “पुढच्या खेपेला मतं मागायला आलात ना साहेब, तर कोरड्या पंपालाच बांधून ठेवू. पाणी आलं की सोडू!” एवढ्यावरून धमकीचा खटला. चार महिने कोठडी. वकील मिळाला नव्हता.

“मंत्री घाबरले?” सरकारी वकिलांनी विचारलं होतं.

“घाबरतात कसले! अख्खी सभा हसली. साहेबही हसले. गाडीत बसून बाईसाहेबांना फोनवर सांगितलं, परत हसले. मग व्हिडिओ फिरला सगळीकडे, तेव्हा कुठे तक्रार दिली.”

“विचारलं तेवढंच बोला,” वकिलांनी दटावलं.

कोर्टाची रीत अशी, की साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्यातलं कामाचं तेवढं सांगतात आणि बाई ते टाइप करतात. न्यायाधीशांनी सांगितलं होतं, “आरोपीने धमकी दिली, ‘पुढच्या खेपेला मतं मागायला आलात ना साहेब, तर कोरड्या पंपालाच बांधून ठेवू. पाणी आलं की सोडू.’ मंत्र्यांनी तक्रार नोंदवली. पुढे लिहा.”

बाईंनी मान वर केली. “साहेब, सगळे हसले... ते राहिलं.”

शिपायाने डोळे विस्फारले.

“बाई, साक्ष तुमची चाललीय का?”

वकील मंडळींत खसखस पिकली. बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. म्हाताऱ्याने मात्र त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं तहानलेल्याने भांड्याकडे पाहावं. काळीज म्हणत होतं, उठ. पण बोटांना काळजाचं ऐकायची सवय कुठे होती? ती चालू लागली. ड्रायव्हरने कागदावर मुकाट सही केली.

आठवड्याने निकाल लागला. दोन वर्षं.

निकालाची आणि जबानीची प्रत घ्यायला पोलिसाने म्हाताऱ्याला बाईंच्या टेबलापाशी आणलं. ओळीखालून बोट फिरवत त्याने सगळं सावकाश वाचलं.

“माझं बोलणं जसंच्या तसं आलंय हो, बाई. कानामात्राही चुकला नाही.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता, तर बाईंना बरं वाटलं असतं.

“चला आजोबा,” पोलीस म्हणाला.

म्हाताऱ्याने कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली. कुणाच्या घरचा पंप सुरू करून निघावं, तसा म्हणाला, “येतो बाई.”

“या,” बाईंच्या तोंडून गेलं.